गावात पीए शोधताय? आधी हे करा

अमेरिकेतल्या खेड्यात नवीन आहात, तर ‘डॉक्टरच हवा’ हा हट्ट सोडा. पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट, कंपाउंडर नव्हे. तो तपासतो, औषधं लिहून देतो, गरज पडली तर पुढे पाठवतो. मी पहिले चार महिने उगाच दीड तास गाडी हाकत शहरात जायचो.

- जवळ ‘रूरल हेल्थ क्लिनिक’ (सरकारमान्य ग्रामीण दवाखाना) आहे का बघा. तिथे पीए किंवा नर्स प्रॅक्टिशनर (तपासून औषधं लिहून देऊ शकणारी, जास्त शिकलेली नर्स) असावाच लागतो.
- फोनवर विचारा: नवे पेशंट घेता का? पीए कुठल्या वारी असतो?
- इन्शुरन्स चालतो का, हे कंपनीकडूनही पक्कं करा.

ताप चढल्यावर शोधाशोध नको, आत्ताच नाव नोंदवा. जाताना औषधांच्या पट्ट्या न्या. क्रोसिन सोडाच, पॅरासिटामॉललाही इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात!