जिप्सीत एस्टीमचं इंजिन आणि घाटात लाल काटा

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे जुनी जिप्सी ४१० आहे, तिचं एक लिटरचं इंजिन काढून एस्टीमचं १.३ बसवून घेतलंय. पळायला भारी झाली पण हीट होते. हायवेला ऐंशीने जाताना तापमानाचा काटा मधेच असतो, पण गावात ट्रॅफिकमधे नाहीतर पसरणी घाटात ट्रकच्या मागे अडकलो की थोड्या वेळात लालजवळ. मिस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला, रेडिएटर साफ करून आणला, रेडिएटरच्या पुढे इलेक्ट्रिक फॅन लावला, तरी तेच. आता म्हणतो मोठा ॲल्युमिनियमचा रेडिएटर घ्या. घेऊ का? (एक वाचक, कराड)

उत्तर : आत्ता नका घेऊ. रेडिएटर लहान पडत असता तर गाडी हायवेला जोरात हाणल्यावर आधी तापली असती, कारण इंजिन जास्त उष्णता तिथे टाकतं. तुमची तिथे नीट राहते आणि हळू चालताना तापते, म्हणजे समोरून येणारा वारा थांबला की फॅनला एकट्याला जमत नाहीये. एस्टीमचं इंजिन मुळात आडवं बसणारं, त्याला रेडिएटरवर इलेक्ट्रिक फॅन असायचा. जिप्सीत ते उभं (गाडीच्या लांबीत) घातलं आणि जिप्सीचा बेल्टवर फिरणारा पंखा गेला, त्यामुळे सगळा भार त्या एका मोटरवर आलाय.

आधी फॅन चालू करून ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा कागद धरा (बोटं सांभाळून). कागद आत ओढला गेला पाहिजे. बाहेर उडाला तर वायरी उलट्या जोडल्यात, हे फार ठिकाणी होतं बरं का, आणि मग फॅन समोरच्या हवेशीच भांडत बसतो. दिशा बरोबर असली तरी पुढे लावलेला बिना-श्राउडचा (हवा रेडिएटरभर खेचणारं आवरण नसलेला) फॅन फक्त स्वतःच्या गोलाएवढाच भाग गार करतो आणि वेगात हवा अडवतो ते वेगळंच. माझं मत विचाराल तर तो काढा, इंजिनच्या बाजूला हवा खेचणारा फॅन बसवा आणि रेडिएटरची पूर्ण जाळी झाकणारं श्राउड पत्र्याचं का होईना बनवून घ्या, मोठ्या रेडिएटरच्या पैशात हे सगळं करून बरेच उरतील. वायरिंग रिलेतून (जास्त करंट झेलणारा स्विच) घ्या, वायर जाड घ्या, आणि इंजिन चालू असताना फॅनच्या टोकांवर व्होल्ट मोजा, तेरा-साडेतेरा हवेत. अकरा आले तर फॅनला दोष देऊ नका, आर्थिंग बघा.

आता काट्याचं. मीटर जिप्सीचं आणि सेन्सर एस्टीमचा असेल तर काटा काय दाखवेल याचा भरवसा नाही, कारण दोघांचं रेझिस्टन्सचं गणित जुळायलाच पाहिजे असं नाही. गाडी गरम झाली की थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारून बघा. तिथे नव्वदच्या आसपास आलं आणि काटा लालजवळ असला तर गाडी ठीक आहे, मीटरला जोडीचा सेन्सर बसवा.

थर्मोस्टॅट परत बसवा. त्याशिवाय इंजिन सकाळी तापायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त खातं, आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट बायपासचं (रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट) तोंडही बंद करतो तिथे तो काढला की गरम पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतं, म्हणजे उपायानेच आजार वाढतो.

रेडिएटर कॅपही बघा, ०.९ बारची चांगली कॅप असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं. ढिली असेल तर महाबळेश्वरच्या उंचीवर, साधारण १३५० मीटरवर, ते ९६ च्या आतच उकळायला लागेल. पाणी भरताना गाडीचं नाक चढाकडे करा, हीटर चालू ठेवा, कारण इंजिन बदलताना रेडिएटरचं तोंड हेडपेक्षा (इंजिनचा सिलिंडरवरचा भाग) खाली राहिलं तर हेडमधे हवा अडकते. तसं असेल तर सगळ्यात उंच जागी प्रेशरवाली टाकी लावून तिथून भरा. आणि बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट अर्धं-अर्धं.

हो, इंजिन बदललेलं आरटीओत नोंदवलंय ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ते लागतं, आरसीवर जुनाच नंबर असेल तर इन्शुरन्सच्या वेळी बोंब होईल.

प्रश्न : जीपमधे दुसरं डिझेल इंजिन टाकलेलं घेतलंय. सकाळी गार गाडी स्टार्ट केली की दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा होज कडक होतो आणि पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात. नवीन वॉटर पंप टाकू का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पंप राहू दे. दोन मिनिटांत पाणी नीट कोमटही होत नाही, मग एवढं प्रेशर वाफेचं नाही, सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या लिक्विडची (जळका गॅस ओळखणारी) टेस्ट करून घ्या, रंग बदलून हिरवट किंवा पिवळा झाला तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलंय नाहीतर हेडला क्रॅक आहे. हेड उतरवलंच तर सपाटी आणि क्रॅक दोन्ही तपासल्याशिवाय नवीन गॅस्केट टाकू देऊ नका, आणि तोवर गाडी लांब नेऊ नका.