देवगडच्या बागेच्या वाटेवर व्होल्वो चालेल का?

प्रश्न : मी देवगडचा आंबा बागायतदार. पुण्यात 2018 ची व्होल्वो व्ही 90 क्रॉस कंट्री विकायला आहे. डिझेल, 68,000 किमी पळालेली. बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना उंच एसयूव्हीत चढवत नाही. बागेची वाट मातीची, चढाची, पावसात निसरडी. गाडी घ्यावी का?

उत्तर : बाबांचं कारण मला आधी पटलं. या गाडीची सीट फार उंच नाही, सेडानसारखी खोलही नाही. बूड टेकवून पाय आत घेता येतात. तरीही गाडीचं पोट जमिनीपासून 210 मिमी वर आहे, म्हणजे वाटेवरच्या दगडांची धास्ती कमी. इंजिन 2 लिटरचं, जोर चारही चाकांना. पण हा चारही चाकांचा जोर खरंच शिल्लक आहे का, ते आधी बघा.

एरवी गाडी पुढची चाकंच ओढतात. ती घसरली की मागच्या डिफरन्शियलजवळचा (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीजवळचा) क्लच दाबला जातो आणि मागची चाकं जोर लावतात. हा क्लच दाबायला विजेवरचा छोटा पंप असतो, त्याला बारीक जाळी. तेल वर्षानुवर्षं बदललं नाही, की क्लचची झिजलेली पूड जाळीत बसते, पंपावर ताण येतो आणि शेवटी तो जळतो. डांबरी रस्त्यावर गाडी तशीच पळते, त्यामुळे मालकाला पत्ताच नसतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या कुडाळच्या गॅरेजात अशीच एक युरोपी गाडी आली. ओल्या चढावर उभी केली, मालकाला हळूच रेस द्यायला सांगितली आणि मी मागच्या चाकाशी बसलो. पुढची चाकं लाल चिखल उडवत गरागरा फिरत होती. मागच्या टायरच्या नक्षीत अडकलेलं गवताचं पातंसुद्धा हललं नाही. ही परीक्षा तुम्ही पुण्यातही घ्या, ओल्या गवताचा चढ कुठेही मिळतो. त्या क्लचचं तेल बदलल्याचं बिल मागा. मी स्वतः 60,000 किमीच्या आत बदलतो. चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत, नाहीतर क्लचला उगाच ताण बसतो.

दुसरी भीती पुराच्या पाण्याची. 22 जुलै 2021 ला चिपळूणमध्ये किती गाड्या बुडाल्या ते आपण पाहिलंच आहे. अशा गाड्या धुऊन-पुसून दूर विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला मातीची रेघ दिसते का बघा. स्टेपनीचा खळगा आणि सीटखालचे बोल्ट बोटाने चाचपा. गाळ किंवा गंज लागला तर तिथेच नमस्कार करून निघा, किंमत कितीही उतरवली तरी.

गाडी घेतलीत, तर विमा तुमच्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांच्या आत अर्ज करा. देवगडजवळ या कंपनीचं वर्कशॉप नाही, सुटे भाग यायला दिवस जातात. त्यामुळे घरी दुसरी गाडी असेल तरच ही घ्या. खारं वारं पत्र्याला खातं, म्हणून आठवड्यातून एकदा खालून गोड्या पाण्याचा फवारा मारा. आंब्याच्या पेट्या मात्र पिकअपनेच पाठवा.

पुण्याला जाताना एक जुनी चादर न्या, गाडीखाली आडवं व्हावं लागेल. आणि बाबांना सोबत न्या. त्यांना दोन-चार वेळा बसून-उतरून बघू दे.