पार्टिंग, टेपर आणि सैल स्लाइड: घरच्या लेथबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझा लेथ टेबलावर बसणारा, 180 मिमी स्विंगचा (जास्तीत जास्त 180 मिमी व्यासाचा तुकडा फिरेल असा) आहे. टर्निंग (व्यास कमी करणे), फेसिंग (टोक सपाट करणे) ठीक होते. पण 20 मिमीची एमएस (माइल्ड स्टील) सळई पार्टिंग टूलने, म्हणजे तुकडा तोडून वेगळा करणाऱ्या अरुंद टूलने, कापायला घेतली की मशीन थरथरू लागते. एकदा टूल आत ओढले जाऊन मोडले. दोन वेगळी टूल वापरून पाहिली, फरक पडला नाही.

उत्तर: टूलवर संशय सगळ्यात शेवटी घ्या. लहान लेथवर पार्टिंग बिघडते ते बहुतेक वेळा सैलपणामुळे. पार्टिंग टूलची 2 मिमी रुंद धार एकाच वेळी पूर्ण धातूत असते, त्यामुळे टूल जोरात खाली दाबले जाते. क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर नेणारी) किंवा तिच्यावरची लहान कंपाउंड स्लाइड यांच्यात प्ले (सैलपणा) असेल तर टूलपोस्ट (टूल धरणारा खांब) पुढे कलते आणि टोक खाली जाता जाता जॉबमध्ये (फिरणाऱ्या सळईत) घुसते. कट जाड झाला की दाब वाढतो, दाब वाढला की टोक आणखी घुसते. टूल ओढले जाते ते असे. टूल बदलून हे थांबणार नाही.

आधी जॉब चकच्या (सळई पकडून फिरवणाऱ्या भागाच्या) जवळ घ्या. कापायची जागा जॉपासून (चकच्या पकडीच्या दातांपासून) 10 मिमीच्या आत हवी. टूल होल्डरबाहेर लागेल तेवढेच काढा: 20 मिमीच्या सळईला 12 मिमी पुरतात. कंपाउंड स्लाइड मागे घेऊन तिच्या जिबचे (स्लाइडचा सैलपणा काढणाऱ्या पट्टीचे) स्क्रू आवळून टाका, पार्टिंगला तिची गरजच नसते. कॅरेजही (या स्लाइड घेऊन लेथच्या बेडवर सरकणारा भाग) लॉक करा. टूलची बाजू चकच्या तोंडाला टेकवून काटकोन पाहून घ्या. टूल थोडे जरी तिरके असेल तर ते खाचेच्या भिंतीला घासते आणि अडकते.

टूलची उंची बरोबर सेंटरवर, म्हणजे सळईच्या मध्याइतकी हवी. टूलचे टोक आणि गोल सळई यांच्यामध्ये पातळ स्टीलपट्टी हलकेच दाबून धरा आणि बाजूने पाहा. पट्टी उभी सरळ राहिली तर उंची बरोबर. पट्टीचे वरचे टोक तुमच्याकडे झुकले तर टूल खाली आहे, पलीकडे झुकले तर वर आहे. खाली असेल तर पॅकिंग घाला.

आता वेग. हायस्पीड स्टीलच्या टूलने एमएस टर्न करताना कटिंग स्पीड मिनिटाला साधारण 25 मीटर धरतात. 20 मिमी व्यासाला ते सुमारे 400 आरपीएम (मिनिटाला फेरे) होतात. पार्टिंगला त्याच्या निम्मे, म्हणजे 200 घ्या. तेल सतत थेंब थेंब सोडा आणि फीड (टूल आत सरकवणे) न थांबता, एकसारखा द्या. इथेच बहुतेकांचा हात कचरतो. फीड फार हलका झाला की टूल कापत नाही, नुसते घासते, आणि थरथर तिथूनच सुरू होते. खाचेतून घड्याळाच्या स्प्रिंगसारखा गुंडाळलेला कीस बाहेर येत असेल तर फीड योग्य आहे; भुगा पडत असेल तर कमी आहे. थरथर सुरू झाली तर वेग कमी करा, फीड किंचित वाढवा.

5 मिमी खोल गेल्यावर टूल मागे घ्या, कॅरेज मोकळे करून बाजूला अर्धा मिमी सरका, पुन्हा लॉक करा आणि खाच रुंद करा. मग टूल भिंतीत अडकत नाही. एवढे करूनही मध्यावर त्रास झाला तर मशीन बंद करा आणि उरलेले 4–5 मिमी हॅक्सॉने कापा. दुसरे टोक टेलस्टॉकच्या (चकसमोरच्या आधाराच्या) सेंटरवर, म्हणजे टोकदार आधारावर, टेकलेले असताना मात्र पूर्ण पार्टिंग कधीच करू नका. तुटता तुटता खाच मिटते आणि टूल चिमटले जाते.

प्रश्न: जिब किती आवळायचे? आवळले की हँडल जड होते, सोडले की टूलपोस्ट हलते.

उत्तर: बाजूच्या सगळ्या स्क्रूंचे लॉकनट सैल करा. स्लाइड आणि डव्हटेल (ती जिच्यात सरकते ती तिरकी खाच) पुसून तेल लावा. कोरड्या खाचेवर केलेले सेटिंग फसवते. मधला स्क्रू हलका जड लागेपर्यंत आवळा, मग टोकाचे, आणि प्रत्येक वेळी स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. नट आवळताना स्क्रू ॲलन कीने धरून ठेवा, नाहीतर तो नटाबरोबर फिरतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. टूलपोस्ट धरून ढकला-ओढा. ‘टक’ लागता कामा नये. मध्ये सैल आणि टोकांना जड लागत असेल तर मधला भाग झिजला आहे. अशा वेळी टोकांना जेमतेम फिरेल इतपतच आवळा.

हँडल उलटे फिरवताना थोडा भाग रिकामा फिरतो, तो मात्र जिबचा दोष नाही. तो स्क्रू आणि नटमधला बॅकलॅश. माप पुढे गेले तर एक पूर्ण फेरा मागे या आणि मग पुन्हा पुढे येत डायल लावा.

प्रश्न: टेलस्टॉकचा आधार देऊन 100 मिमी लांब टर्न केले. टेलस्टॉककडचे टोक 0.08 मिमी जाड येते.

उत्तर: टेलस्टॉक तुमच्यापासून दूर, मागच्या बाजूला सरकलेला आहे. तो तुमच्याकडे घ्यायचा, पण व्यासातल्या फरकाच्या निम्माच, म्हणजे सुमारे 0.04 मिमी. जॉब सेंटरपर्यंत 100 पेक्षा लांब असेल तर त्या प्रमाणात जास्त. टेलस्टॉकच्या क्विलला (आत-बाहेर होणाऱ्या नळीला) डायल इंडिकेटर टेकवा, म्हणजे किती सरकला ते दिसेल. बोल्ट आवळताना तो पुन्हा हलतो, म्हणून आवळल्यावर रीडिंग परत घ्या. मग 0.1 मिमीचा हलका कट घेऊन दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजा.

टेलस्टॉकशिवायही टेपर (एक टोक जाड, दुसरे बारीक) येत असेल तर कारण वेगळे. बारीक सळई टूलच्या दाबाने वाकते, म्हणून मोकळे टोक जाड राहते. व्यासाच्या तिप्पटपेक्षा जास्त लांबी चकबाहेर असेल तर आधार द्या. जाड, आखूड जॉबवरही फरक राहिला तर टेबल पाहा. वाकड्या टेबलावर बोल्ट आवळले की बेड पिळवटतो. एकेक बोल्ट सैल करून पाहा. मशीनचा पाय वर उचलला गेला तर तिथे पातळ शिम (पत्र्याची पट्टी) घाला.

प्रश्न: थ्री-जॉ चकमध्ये जॉब काढून पुन्हा लावला की तो आऊट येतो (मध्यावर न फिरता डगमगतो). चक खराब आहे का?

उत्तर: नाही. थ्री-जॉ चकला 0.05 ते 0.1 मिमी आऊट येणे नेहमीचे आहे. एका पकडीत होतील ती सगळी कामे एकाच पकडीत करा. पुन्हा लावावाच लागला तर फोर-जॉ चक आणि डायल इंडिकेटर वापरा: समोरासमोरच्या दोन जॉंवर रीडिंगमध्ये जेवढा फरक दिसतो त्याच्या निम्मे सरकवायचे. आउट अचानक वाढला असेल तर जॉ काढून स्क्रोल (जॉ सरकवणारी चकच्या आतली गोलाकार चकती) ब्रशने साफ करा आणि 1, 2, 3 या क्रमानेच परत बसवा. स्क्रोलला ग्रीस नको, त्यात कीस चिकटून राहतो. तेलाचा पातळ हात पुरे.

प्रश्न: काम संपल्यावर साफसफाई कशी करावी?

उत्तर: ब्रशने. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, बारीक कीस कॅरेजखाली आणि बेअरिंगपर्यंत जातो. बीड (कास्ट आयर्न) टर्न केले असेल तर त्याच दिवशी साफ करा; त्याची काळी पूड तेलात मिसळली की पॉलिश पेस्टसारखी बेड घासते. सळईवर एमरी (घासकागद) लावण्याआधी बेडवर कापड टाका आणि काम झाल्यावर ते कापड तिथून उचलूनच झटका. बेडला 68 ग्रेडचे स्लाइडवे तेल, लीड स्क्रूला (कॅरेज चालवणाऱ्या लांब स्क्रूला) जुन्या टूथब्रशने साफ करून तेच तेल. लांब कीस हाताने ओढू नका, हुकने काढा, तोही मशीन थांबल्यावर. हातमोजे घालून चालू लेथजवळ जाऊ नका. मोज्याचा धागा अडकला तर हातही आत जातो. चक की (चक आवळायची किल्ली) हातात नसेल तेव्हा ती चकमध्ये नव्हे, टेबलावर असली पाहिजे.

प्रश्न: मोटर 150 आरपीएमवर जड कट घेताना तापते आणि बंद पडते.

उत्तर: मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, म्हणून ती हळू फिरली की हवा कमी आणि करंट जास्त. लो गिअर असेल तर तो टाका, म्हणजे तोच वेग मोटर जास्त फिरवून मिळेल. नसेल तर कट 0.25 मिमीवर आणा आणि 10 मिनिटांनी मोटरला विसावा द्या. मोटरच्या जाळीत कीस अडकला आहे का तेही प्लग काढून पाहा.