कोंबडीच्या पिल्लांना गुळाचं पाणी देताना मीठ का घालतात? साखर आतड्यातून रक्तात जाते कशी?

तुम्ही विचारलंय की नवीन लॉट आल्यावर पिल्लांना दिलेल्या गुळाच्या पाण्यातली साखर रक्तात पोचते कशी, आणि त्यात मिठाचं काय काम. आमचं शेड अमळनेरकडे आहे आणि मी प्राणिशास्त्र शिकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गुळात मुख्यतः सुक्रोज असतं आणि ते जसंच्या तसं आत शिरत नाही. आतड्याच्या पेशींवरचं सुक्रेज नावाचं विकर त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं.

मेलेला पक्षी तपासायला फाडतो तेव्हा मी आतडं उभं चिरून, धुऊन पाण्यात धरतो. आतली बाजू ओल्या मखमलीसारखी दिसते. ती लव म्हणजे रसांकुर. साखर आत घेण्याचं काम तिथं चालतं. पेशीचा पडदा स्निग्ध, ग्लुकोज पाण्यात विरघळणारं, त्यामुळे त्याला वाहक प्रथिन लागतं. त्याचं नाव एसजीएलटी१. ते दोन सोडियम (मिठातलं सोडियम हेच) आणि एक ग्लुकोज असं सोबतच आत घेतं. पेशीत सोडियम कमी आणि बाहेर जास्त, म्हणून ते आत धावतं आणि ग्लुकोजलाही ओढून नेतं, मग आत ग्लुकोज आधीच जास्त असलं तरी. आतलं सोडियम कमी ठेवतो तो पेशीच्या रक्ताकडच्या बाजूचा पंप: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. खरी ऊर्जा खर्च होते ती इथं. त्याच बाजूच्या ग्लूट२ नावाच्या दुसऱ्या वाहकातून ग्लुकोज रक्तात उतरतं. फ्रुक्टोज ग्लूट५ या वाहकातून आत येतं, त्याला सोडियम लागत नाही.

सोडियम आणि ग्लुकोजच्या या जोडीची कल्पना जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागला मांडली. जुलाबात माणसाला मीठ-साखरेचं पाणी देतात, त्यामागचं कारणही हेच.

पण म्हणून मूठभर मीठ टाकू नका! खाद्यात मीठ असतंच, पाचकरसातूनही सोडियम येतं, आणि जास्त मिठानं पिल्लं मरतात. इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे पाण्यात घालायच्या क्षारांच्या, पाकिटावरचं प्रमाण पाळा.

शेडमध्ये दाणे टिपायला येणाऱ्या चिमणीची गोष्ट मला फार आवडते. तिच्यात ग्लुकोजचा मोठा वाटा वाहकाशिवाय, पेशींच्या मधल्या फटींतून जातो. हे कळलं एल-ग्लुकोजमुळे. ते साध्या ग्लुकोजची आरशातली प्रतिमा, वाहक त्याला ओळखत नाही, तरी ते चिमणीच्या रक्तात सापडलं. उडणाऱ्या पक्ष्याचं आतडं तेवढ्याच सस्तन प्राण्यापेक्षा लहान असतं, म्हणून ही वाट त्याला कामी येत असावी, असं अभ्यासक मानतात.

आणि एक. साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांत सुक्रेज नसतं. उन्हाळ्यात अंगणात पक्ष्यांसाठी गुळाचं पाणी ठेवत असाल, तर कृपया साधं पाणीच ठेवा. सुक्रोज न पचल्यानं त्यांना जुलाब होतात.