तत्त्वज्ञान वाचून धंद्यात किंवा रोजच्या जगण्यात खरंच काही फरक पडतो का?

प्रश्नकर्त्याने पुढे लिहिलंय: "छोटा व्यवसाय आहे, वाचायची आवड आहे, पण घरचे म्हणतात तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही. सुरुवात कुठून करू?"

हे पोट भरण्याचं वाक्य मी अकरा वर्षं ऐकलं, तेही भागीदाराच्या तोंडून. म्हणून लिहितेय.

आधी थेलीस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाला बाजूला करू, कारण असा विषय निघाला की कुणीतरी त्याला आणतंच. लोक गरिबीवरून हिणवायचे, मग त्याने ग्रहताऱ्यांवरून ऑलिव्हचं पीक भरघोस येणार हे ताडलं, हिवाळ्यातच सगळे घाणे थोडक्या विसारावर धरून ठेवले आणि हंगामात हव्या त्या भाड्याने दिले. गोष्ट झकास आहे. पण ती सांगणारा ॲरिस्टॉटलच म्हणतो की ही मक्तेदारीची युक्ती आहे, कुणीही वापरू शकेल अशी. त्यात तत्त्वज्ञान किती, ते तुम्हीच ठरवा.

दुसरे ते स्टोइकवाले, म्हणजे मनाचा संयम शिकवणारा जुना ग्रीक-रोमन पंथ मानणारे. 'आपल्या हातात काय आहे आणि काय नाही ते ओळखा' हे सांगणारा एपिक्टेटस स्वतः गुलाम होता. आज तेच वाक्य मालक लोक कामगारांना ऐकवतात, "पगारवाढ तुझ्या हातात नाही, वृत्ती तुझ्या हातात आहे" म्हणून. मला त्याची चीड येते.

आता माझं. तत्त्वज्ञानात एमए केलं, त्यात न्यायदर्शन, म्हणजे तर्काचं भारतीय शास्त्र, हा माझा आवडता विषय. मग चुलतभावाबरोबर पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना काढला. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मशीन बिघडणार हे त्याला नुसत्या आवाजावरून आदल्या दिवशी कळायचं. प्रॉडक्शन आणि डिस्पॅच त्याच्याकडे, हिशेब आणि वसुली माझ्याकडे.

एका वर्षी कागद महागला आणि आम्ही दर ८ टक्क्यांनी वाढवले. पुढच्या चार महिन्यांत ११ पार्ट्या तुटल्या. दादाचं निदान तयार होतं: "दर वाढवले, गिऱ्हाईक गेलं. यात विचार काय करायचाय?" (दर वाढवायचं मी सुचवलं होतं, हेही सांगून टाकते. त्यामुळे मी काही तटस्थ नव्हते.)

न्यायातलं नेहमीचं उदाहरण घ्या. धूर आहे म्हणजे अग्नी आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. उलटं मात्र चालत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला सरपण ओलं लागतं. या ओल्या सरपणाला, म्हणजे या जास्तीच्या अटीला, न्यायात उपाधी म्हणतात. धूर असेल तिथे ती असतेच, पण अग्नी असेल तिथे असेलच असं नाही. दादा दरवाढीचा अग्नी दाखवत होता. मी ओलं सरपण शोधायला बसले.

रात्री सगळी चलनबुकं काढली. कार्बनची निळी अक्षरं, निम्मी पुसट. वाया गेलेल्या एका पुठ्ठ्यावर मार्करने रकाने आखले: पार्टी, दर वाढवला का, माल द्यायची कबूल केलेली तारीख, चलनावरची तारीख. एकूण ३७ पार्ट्या. त्यातल्या ६ जणांशी वर्षाचा करार होता, त्यांना दर जुनाच. गेलेल्या ११ जणांत या सहांपैकी २ निघाले. म्हणजे दर न वाढवताही गेलेले! आणि दर वाढवलेल्या ३१ पैकी २२ जागेवरच होते. मग तारखांकडे वळले. गेलेल्या ११ पैकी १० जणांना माल निदान दोनदा उशिरा पोचला होता. टिकलेल्या २६ जणांत असे फक्त ३.

उशीर का, हे दोघांनाही ठाऊक होतं. दादाने एक मोठी नवी पार्टी धरली होती, तिचा माल आधी लावायचा आणि जुन्यांना "उद्या नक्की" सांगायचं.

सकाळी तो पुठ्ठा मी सुपरवायझरसमोर दादाच्या टेबलावर टाकला. तो म्हणाला, "तुझं तत्त्वज्ञान ठेव बाजूला, धंदा कर." मी चिडले आणि म्हटलं, "दादा, तुझा हेतू सव्यभिचार आहे." न्यायात हेतू म्हणजे दिलेलं कारण, आणि पाच हेत्वाभासांतला, म्हणजे फसव्या कारणांतला, हा पहिला. जो हेतू साध्य (सिद्ध करायची गोष्ट) असतं तिथेही सापडतो आणि नसतं तिथेही सापडतो, तो. पण सुपरवायझरने त्यातला 'व्यभिचार' तेवढा ऐकला आणि गुपचूप बाहेर निघून गेला. दादाच्या चेहऱ्यावरचा रंग मला आजही आठवतो.

थोड्या वेळाने तो शांतपणे म्हणाला, "बरं. तुझं खरं. मग आता करायचं काय?"

माझ्याकडे काहीच नव्हतं. नवी पार्टी सोडायची? दुसरी शिफ्ट लावायची? पैसा कुठून आणायचा? रात्रभर जागून मी फक्त त्याचं म्हणणं पाडायची तयारी केली होती. न्यायसूत्रं लिहिणाऱ्या गौतमाने चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसतं समोरच्याचं खोडणं ती वितंडा. आपण येताजाता 'वितंडवाद घालू नकोस' म्हणतो, तीच ही. परीक्षेत मी यावर दोन पानं लिहिली होती.

वर्षभरात भागीदारी मोडली. मशीन त्याने ठेवली, मी नव्याने लहान युनिट सुरू केलं. आता दर वाढवताना मी आधी कागदावर लिहिते, काय घडलं तर मी चुकले असं मानेन. उदाहरणार्थ, वेळेवर माल मिळालेल्यांपैकी तिघं तीन महिन्यांत गेले, तर दर चुकला. ही सवय विज्ञानाचा तत्त्वज्ञ कार्ल पॉपर याची. सिद्धांत मांडणाऱ्यानेच तो कशाने खोटा ठरेल ते आधी सांगावं, हे त्याने १९३४ साली विज्ञानाबद्दल लिहिलं होतं. आधी लिहून ठेवलं की नंतर सारवासारव करता येत नाही. मी दोनदा चुकले आहे.

सुरुवात कुठून, तर न्यायाची तोंडओळख करून देणाऱ्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहापासून. चोपडं लहान आहे, पण एकट्याने वाचू नका, शंका विचारायला जाणतं माणूस हवं. पाश्चात्त्यांकडे नंतर या. आणि शिकलेले शब्द घरात किंवा कारखान्यात उच्चारू नका, निदान वर सांगितलेला तो तरी नाहीच.

हेही मान्य करते की ३७ पार्ट्या म्हणजे फार मोठा नमुना नाही, आणि तारखा जुळवून बघायला गौतम लागत नाही, कुठलाही बरा अकाउंटंट ते करेल. दादाचंही हेच म्हणणं आहे, घरच्यांच्यात भेटला की ऐकवतो. पण तिथला अकाउंटंट मीच होते, आणि सहा महिने ती चलनं फक्त बेरजेसाठी उघडत होते.

तेव्हा दादा, तू हे वाचणार नाहीस, तरी पुन्हा सांगते. गिऱ्हाईक दरामुळे गेलं नव्हतं. एक सोडून. त्याला माल कायम वेळेवर जायचा आणि जाताना तो फोनवर स्पष्ट म्हणाला होता की दर परवडत नाही. तो एक तुझा.