मोठ्या वयात पोहण्याचा सराव: किती मीटर पुरे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, आठवड्यातून तीन दिवस तासभर पोहता, दर वेळी १६०० मीटरच्या आसपास होतात. शेजारच्या लेनमधले तेवढ्याच वेळात ३००० मारून जातात. तर आपलं अंतर कमी पडतंय का, आणि पुढे समुद्रातली तीन किलोमीटरची शर्यत करायची तर ते किती वाढवावं?

आधी आकडा सांगून टाकतो. तुमच्या वेगाला तीन दिवस, दर वेळी १५०० ते २००० मीटर हे उत्तम आहे. शर्यतीच्या आधी ते आठवड्याला सात-आठ किलोमीटरपर्यंत न्यावं लागेल, पण सावकाश. ३००० च्या मागे आत्ता लागू नका.

१०० मीटरला अडीच मिनिटं लागतात असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे १६०० मीटरमध्ये तुम्ही प्रत्यक्ष ४० मिनिटं पोहता आणि २० मिनिटं भिंतीला धरून दम घेता. शेजारचा गडी १०० मीटर एक मिनिट चाळीस सेकंदांत काढत असेल, तर त्याचे ३००० मीटर ५० मिनिटांत होतात. अंतर जवळजवळ दुप्पट, पण पोहण्याच्या वेळेत फरक दहा मिनिटांचा. दमसास वाढतो तो किती वेळ आणि किती जोर लावला यावर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम सांगते. तुमची आठवड्याची मेहनत, म्हणजे तीन वेळा ४० मिनिटं मिळून दोन तास, त्यातला निम्मा भाग जरी जोरात असला (जोरकस मिनिट दुप्पट धरायचं), तरी त्यात आरामात बसते. त्यामुळे तब्येतीसाठी पोहत असाल तर अंतराची चिंता आजच सोडून द्या.

आता खांद्याकडे या, कारण मोठ्या वयात अंतराची खरी मर्यादा तिथे ठरते. २५ मीटरच्या एका फेरीत तुमचे दोन्ही हात मिळून २२ स्ट्रोक (हाताचे फटके) होतात असं धरू. १६०० मीटर म्हणजे ६४ फेऱ्या, १४०८ स्ट्रोक. एका खांद्याच्या वाट्याला सातशे. तेच एकदम ३००० केलं तर १२० फेऱ्या होतात, आणि दमल्यावर स्ट्रोकची संख्या २५ वर जातेच, म्हणजे एका खांद्यावर तेराशे ते पंधराशे. ज्या सांध्याने दिवसभर संगणकासमोर पुढे झुकून काढलाय, त्याच्याकडून हे काम करून घ्यायचंय. दम महिन्या-दीड महिन्यात वाढतो, स्नायूबंध इतक्या लवकर तयार होत नाहीत. म्हणूनच हुरूप असतो तेव्हाच खांदे धरतात.

दमल्यावर नेमकं काय बिघडतं ते एकदा नीट पाहा. पाण्याखाली हात मागे ओढताना कोपर खाली पडतं, त्यामुळे तळवा पाणी मागे ढकलण्याऐवजी खाली दाबतो. श्वासासाठी मान वळवण्याऐवजी डोकं वर उचललं जातं, की लगेच कंबर आणि पाय बुडतात. बुडालेले पाय ओढत न्यायचे म्हणून हात घाईने पडायला लागतात आणि डोक्यासमोर मधली रेषा ओलांडून आत येतात. हात असा आत आला की खांद्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसतो. हे सगळं एकदम होत नाही, चार-पाच फेऱ्यांत हळूहळू सरकत येतं, त्यामुळे पोहणाऱ्याला कळतही नाही.

कळण्याचा साधा उपाय म्हणजे स्ट्रोक मोजणं. वॉर्मअपनंतर ताजेतवाने असताना एका फेरीला किती लागतात ते पाहा. मध्ये-मध्ये, त्याच वेगात असताना, पुन्हा मोजा. दोन वाढले तर विश्रांती थोडी वाढवा. तीन-चार वाढले आणि विश्रांतीनंतरही खाली येत नसतील, तर त्या दिवसाचा मुख्य सेट (सरावाचा मधला, जोराचा भाग) तिथेच संपवा, मग १२०० मीटर झालेले असोत की १८००. त्यापुढच्या फेऱ्या वहीत छान दिसतात, पण त्यात तुम्ही चुकीच्या स्ट्रोकचाच सराव करत असता. मला विचाराल तर अंतराचा याहून चांगला मापदंड नाही.

खूप अंतर म्हणजे खूप सुधारणा हे तरुण खेळाडूंच्या बाबतीतही सरसकट खरं नाही. डेव्हिड कॉस्टिल आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली कॉलेजच्या पोहणाऱ्यांचे दोन गट करून अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला सहा आठवडे दिवसातून दोनदा पोहायला लावलं, दुसऱ्याला एकदाच. दुप्पट पोहणाऱ्यांना जास्तीचा फायदा झाला नाही. उलट त्या काळात त्यांचा छोट्या अंतरातला वेग घटला. लांब पल्ल्याचे ऑलिम्पिक जलतरणपटू आठवड्याला ६०-७० किलोमीटर करतात हे खरं, पण त्यांचं वय, झोप, मालिश, फिजिओ आणि लहानपणापासून घडलेला स्ट्रोक यांतलं आपल्याकडे काय असतं? मास्टर्स स्पर्धांत, म्हणजे मोठ्या वयाच्या पोहणाऱ्यांच्या स्पर्धांत, उतरणारे बरेच जण ५० आणि १०० मीटरच पोहतात. त्यांनीही रोज ४००० मीटर घासत बसण्यात अर्थ नाही.

वाढवायचंच असेल तर क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी भिंतीजवळची विश्रांती कमी करा. ४० सेकंदांची ३० करा, मग २०. तेवढ्याच तासात आपोआप २००-३०० मीटर वाढतील. त्यानंतर जमलं तर चौथा दिवस जोडा, भले तो अर्ध्या तासाचा असो. एका दिवशी ४००० मारण्यापेक्षा चार दिवस हजार-हजार पोहलेलं बरं, कारण पाण्याची पकड चार दिवसांच्या खंडातही सुटते. एका सत्राची लांबी वाढवणं सगळ्यात शेवटी, आणि तेव्हाही एका आठवड्यात एकाच सत्रात २०० मीटर. दर चौथ्या आठवड्याला अंतर तिसऱ्या हिश्श्याने कमी करा. पन्नाशीनंतर हा हलका आठवडा चुकवू नका.

वेग ठरवायला एक चाचणी करा. चांगल्या वॉर्मअपनंतर ४०० मीटर पूर्ण ताकदीने, पुरेशी विश्रांती घेऊन २०० मीटर तसेच. दोन्ही वेळांची वजाबाकी करून निम्मी करा. समजा ४०० ला दहा मिनिटं आणि २०० ला ४ मिनिटं ४८ सेकंद लागले, तर फरक ५ मिनिटं १२ सेकंद, म्हणजे १०० ला २ मिनिटं ३६ सेकंद. हा तुमचा टिकणारा वेग. आठवड्यातून एकदा याच वेगाने १० गुणिले १००, मध्ये २० सेकंद विश्रांती. त्याच्या आधी ४०० मीटर सैल पोहणं आणि ३०० मीटर ड्रिल (स्ट्रोक सुधारण्याचे व्यायाम), शेवटी २०० अगदी आरामात. झाले १९०० मीटर. दुसऱ्या दिवशी छोटे वेगवान तुकडे घ्या, ५० मीटर किंवा २५, भरपूर विश्रांतीसह. त्या दिवशी एकूण १२०० झाले तरी चालतील. तिसरा दिवस लांब, संथ.

समुद्राच्या शर्यतीसाठी हाच तिसरा दिवस वाढवत न्यायचा. तलावात २५०० मीटर न थांबता स्ट्रोक टिकवून झाले की तीन किलोमीटर अंगाबाहेरचे राहत नाहीत. तलावात दर फेरीला भिंतीला ढकलून फुकटचे चार-पाच मीटर मिळतात, समुद्रात ते नाहीत आणि पुढे बघायला डोकंही वर काढावं लागतं, म्हणून शर्यतीआधी काही वेळा तरी उघड्या पाण्यात, सोबत कुणीतरी असताना, पोहून घ्या. एकट्याने नको.

आजारपण किंवा मोठ्या सुट्टीनंतर परत याल तेव्हा निम्म्या अंतरापासून सुरुवात करा. खांदा पोहताना दुखून नंतर थांबत असेल तर आठवडाभर अंतर निम्मं करा. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल तर पोहणं थांबवून डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा, गोळी घेऊन पाण्यात उतरू नका.

किकबोर्ड (हातात धरून नुसते पाय मारायची फळी) आणि पुल बॉय (पायांमध्ये धरायचा तरंगता तुकडा) यांच्या फेऱ्या मोजायच्या का, असंही विचारलंय. मोजा, पण वेगळ्या लिहा. किकमध्ये खांद्याला आराम असतो. पुल बॉयमुळे पाय आयते वर राहतात आणि अंतर सहज वाढतं, त्यामुळे एकूण आकडा फसवा होतो. हाताला पॅडल (तळव्याला लावायच्या चपट्या पट्ट्या) लावले तर मात्र खांद्यावरचा भार वाढतो, तेव्हा ते एका सत्रात ३०० मीटरच्या वर तूर्तास नको.