काजूच्या रसात काजू का नसतो?

ब्राझीलला जाऊन आलेल्या एका वाचकाने विचारलं आहे: साल्वादोर शहरात पेलोरिन्यूच्या जुन्या वस्तीतून खाद्यफेरी करताना वाटाड्याने ‘सुकु दि काझू’ म्हणून गार रसाचा पेला हातात दिला. काझू म्हणजे काजूच, असंही सांगितलं. पण रस आंबटगोड आणि तुरट, काजूच्या चवीचा मागमूसही नाही. मग हा काजू कुठला? शब्द आपला की त्यांचा? आणि मराठीत या पेयाला काय म्हणायचं?

शब्द त्यांचा. तोही मुळात पोर्तुगीजांचा नव्हे, तर ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी लोकांचा. त्यांच्या ‘अकाजू’चं पोर्तुगीजांनी ‘काजू’ केलं. सोळाव्या शतकात हे झाड त्यांच्या जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आलं आणि नावही सोबत आलं. ब्राझीलमध्ये आज त्यातल्या ‘ज’चा उच्चार ‘झ’कडे झुकतो आणि जोर शेवटच्या ‘ऊ’वर पडतो.

खरी गंमत शब्दाच्या अर्थामध्ये आहे. ब्राझीलमध्ये ‘काजू’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते लाल-पिवळं, रसाळ फळ. त्याच्या टोकाला लटकणाऱ्या बीला ते ‘कास्तान्या दि काजू’ म्हणतात. कास्तान्या म्हणजे चेस्टनटसारखं कवचाचं फळ. आपल्याकडे नेमकं उलट झालं. नाव बीकडे गेलं आणि फळासाठी कोकणाने, गोव्याने आपले शब्द वापरले: बोंडू, बोंड, कुठे मुरटा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बी आणि तिचं कवच हेच खरं फळ, आणि बोंडू म्हणजे फुगलेला देठ. त्या अर्थी आपण नाव योग्य जागी बसवलं, असं म्हणता येईल.

असं का झालं असावं? मला कारण फळाच्या स्वभावात दिसतं. पिकलेला बोंडू हातात धरला तरी दबतो, सालीतून रस पाझरतो आणि एक-दोन दिवसांत नासतो. वाळवलेली बी मात्र पोत्यात भरून कुठेही जाते. त्यामुळे घाटावरच्या बाजारांत बी पोचली, फळ नाही. ज्यांनी फळ कधी पाहिलंच नाही, त्यांच्यासाठी बी म्हणजेच काजू. कोकणात मात्र आजही भेद काटेकोर आहे: झाड ती काजू, कवचासकट ती बी, आतला तो गर आणि रसाळ तो बोंडू. कोवळ्या बिया सोलताना बोटांना लागणारा चीक कातडी जाळतो. ज्याने तो अनुभवलाय, तो या शब्दांची गल्लत करत नाही.

म्हणून वाचकाच्या त्या पेयाला ‘काजूचा रस’ म्हणू नये, ‘बोंडूंचा रस’ म्हणावं. हल्ली पाककृतींत ‘कॅश्यू ॲपल’ लिहिलेलं दिसतं, ते मला मनापासून खटकतं. इतका नेटका शब्द घरात असताना उसना कशाला? गोव्यात तर बोंडू चेचल्यावर आपसूक गळणाऱ्या रसालाही ‘नीरो’ असं वेगळं नाव आहे. आंबवलेल्या रसाची पहिली धार म्हणजे उर्राक, पुढची फेणी. ब्राझीलची काशासा ही दारू मात्र उसाच्या रसाची. लिंबू आणि साखर घालून तिची काइपिरीन्या होते. तिला फेणीची बहीण समजू नये.

त्याच फेरीत वाचकाने आकाराजे खाल्लं असेल. चवळी भिजवून, सोलून, वाटून, कांदा घालून फेटतात आणि पामच्या लाल तेलात तळतात. वर बहुतेक वेळा सुकी कोळंबी. हा शब्द ना तुपी, ना पोर्तुगीज. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या योरुबा भाषेतला ‘आकारा’ त्यात आहे.

बाकी ओळखीच्या शब्दांवर तिथे विसंबू नका. आपण ‘अननस’ पोर्तुगीजांकडून घेतला, मूळ तोही दक्षिण अमेरिकेतलाच. पण ब्राझीलमध्ये रोजच्या बोलण्यात ‘अबाकाशी’ चालतं. ‘बटाटा’ चालेल. ‘पाव’ही चालेल, नाकातून म्हणा. मात्र ‘पांव दि केइजू’ या चीजच्या गोळ्यांत गहू नसतो, कसाव्याच्या कंदाचं पीठ असतं. आणि शाकाहारी माणसाने एक पक्कं लक्षात ठेवावं: तिथला ‘पेरू’ म्हणजे टर्की पक्षी. सँडविचच्या यादीत ‘पेइतु दि पेरू’ दिसलं तर ते टर्कीच्या छातीचं मांस. आपला पेरू हवा असेल तर ‘गोयाबा’ मागा.